ईडी आत, बाकीचे चौघे बाहेर

आमच्या घरी मी पहिल्यांदा "ईडी आला, ईडी आला" असं ओरडले तेव्हा व्हिडिओ कॉलवर सांगलीहून बाबा होते आणि ते खरंच दचकले, कुणाकडं आली गं म्हणाले. अहो बाबा ती ईडी नव्हे, हा पर्ड्यूच्या कॉलेज बास्केटबॉल टीमचा झॅक ईडी, सात फूट चार इंच, तीनशे पाउंड म्हणजे किलोत 136 च्या घरात, आणि हा छापाबिपा टाकत नाही, नुसता रिंगखाली येऊन उभा राहतो, पण एकदा उभा राहिला की त्याला तिथून हलवायची कुणाची टाप नाही. बाबा म्हणाले, मग सोपंय की, त्याच्याकडं बॉल टाकायचा आणि जिंकायचं.

हे वाक्य मी पुढची दोन-तीन वर्षं इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय ना. ऑफिसात, पार्टीत, बर्फ उपसताना शेजाऱ्याकडून. आणि पर्ड्यू हरली रे हरली की तीच माणसं पलटी मारून म्हणायची, बघ, एका उंच माणसावर टीम बांधली की मार्चमध्ये (कॉलेजांची देशपातळीवरची बाद स्पर्धा तेव्हा असते) असंच होणार. मला दोन्ही वेळेला राग यायचा पण पटकन उत्तर देता यायचं नाही, म्हणून आता निवांत लिहितेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं बॅकग्राउंड. नवऱ्याच्या पीएचडीमुळं आम्ही काही वर्षं इंडियानात वेस्ट लाफायेटला होतो, पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं गाव. मराठी पोरं तिथं ढिगानं, गणपतीला पुरणपोळ्या कमी पडतात इतकी. पण त्यातली बरीचशी बास्केटबॉलच्या वाटेला जायची नाहीत, क्रिकेटचं स्ट्रीमिंग कुठं लागतंय हीच चौकशी. मी मात्र पहिल्याच हिवाळ्यात मॅकी अरेनात गेले आणि कामातून गेले. चौदा हजारांच्या वर लोक, आणि छप्पर असं की आवाज वर जाऊन परत डोक्यावर आदळतो. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचं कोल्हापूर समजा, तिथं जशा गल्लीगल्लीत तालमी तशी इथं गॅरेजगॅरेजवर रिंग.

आणि माझं स्वतःचं एक दुखणं आहे. नववीत माझी उंची पाच फूट नऊ इंच झाली आणि पीटीच्या सरांनी मला थेट बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलं, ड्रिबल येत नव्हतं, पास येत नव्हता, सर म्हणाले तू फक्त रिंगखाली उभी राहा आणि हात वर कर. झाली सेंटर. तालुक्यापर्यंत आम्ही आरामात जिंकलो. मग जिल्ह्याला एका टीमनं एक पोरगी माझ्या पुढं उभी केली, एक मागं, दोघी माझ्या खांद्याइतक्या, आणि आमच्या गार्डच्या, म्हणजे बॉल पुढं आणणाऱ्या, पोरींच्या अंगावर बाकीच्या तिघी सोडल्या, त्या बिचाऱ्यांना हाफ लाइन ओलांडता येईना तर मला बॉल कुठून देणार. सगळ्या मॅचभर मी हात वर करून उभी. मॅच संपल्यावर सगळे मलाच म्हणाले, एवढी उंच असून काय उपयोग.

तर ईडीकडं मी या नजरेनं बघत आले.

पर्ड्यूत उंच माणसांची परंपराच आहे म्हणजे. 1980 ला ते फायनल फोरला (देशातल्या शेवटच्या चार टीम्समध्ये) गेले तेव्हा मध्ये जो बॅरी कॅरोल होता, सात फुटी. मॅट पेंटर 2005 पासून कोच आहेत, त्यांच्या काळात एजे हॅमन्स, आयझॅक हास, मॅट हार्म्स, कॅलेब स्वॉनिगन, ट्रेव्हियन विल्यम्स, एक गेला की दुसरा हजर, जणू कुठंतरी वाफा करून लावलेत. ईडी टोरोंटोचा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळलेला, बास्केटबॉलला उशिरा आला. हायस्कूलच्या रँकिंगमध्ये चारशेच्याही खाली कुठंतरी नाव होतं. आणि असा पोरगा पुढं 2023 आणि 2024 असं लागोपाठ दोनदा देशातला प्लेयर ऑफ द इयर झाला, हे असं राल्फ सॅम्पसननंतर म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी घडलं.

आता कॉलेजमध्ये असा माणूस इतका का चालतो, हे समजून घ्यायला एक नियम माहीत पाहिजे. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, डिफेन्स करणाऱ्याला रिंगसमोरच्या त्या रंगवलेल्या चौकटीत, कुणाला मार्क न करता, तीन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तो नियमच नाही. म्हणजे तुमच्याकडं सव्वासात-साडेसात फुटांचा माणूस असेल तर त्याला डिफेन्सला दारात सिक्युरिटीसारखा बसवून ठेवा, कोण येतंय आत बघू. पण ही गोष्ट दुधारी आहे हे लोक विसरतात, कारण समोरच्या टीमलाही तीच मुभा, त्यांचेही तीन-तीन जण तुमच्या सेंटरच्या आजूबाजूला तळ ठोकून बसू शकतात आणि रेफरी काही बोलणार नाही. एनबीएत असं मोकळंढाकळं करता येत नाही.

दुसरं म्हणजे फाउल. कॉलेजात पाच फाउलला माणूस बाहेर, आणि एका हाफमध्ये टीमच्या सातव्या फाउलपासून फ्री थ्रो सुरू, दहाव्यापासून सरळ दोन. ईडीला अडवायचं म्हणजे ढकलाढकली आलीच. त्यामुळं व्हायचं काय, हाफला दहा-बारा मिनिटं राहिलेली असताना समोरच्यांचा मेन सेंटर दोन फाउल घेऊन बेंचवर, आमची टीम बोनसमध्ये म्हणजे फाउल झाला की फ्री थ्रो, आणि ईडी लाइनवर. आणि त्याचा हात वाईट नव्हता, सत्तर टक्क्यांच्या वर. 2023-24 ला त्यानं एका सीझनमध्ये चारशेच्या वर फ्री थ्रो मारले. आणि स्वतः? स्वतः फाउल ट्रबलमध्ये क्वचितच. हात सरळ वर करून उभा राहायचा, खाली आणायचाच नाही. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं स्किल हेच, पण हायलाइटमध्ये हे कोण दाखवतंय.

पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, तो करायचा काय, तर फार काही नाही. पळत पळत सगळ्यांच्या आधी खाली पोहोचायचा (एवढा मोठा देह घेऊन, चाळीस मिनिटांच्या मॅचमध्ये तीस-पस्तीस मिनिटं, प्रत्येक वेळेला), पाठीनं माणसाला दाबून धरायचा, हात वर, लॉब (उंच पास) आला की वळून हुक (एका हातानं डोक्यावरून शॉट). बास. माझा नवरा म्हणायचा यात बघण्यासारखं काय आहे, हा तर क्रेन आहे. मी म्हणायचे तू जागा बघ रे, त्यानं बॉल यायच्या आधी जागा कशी मिळवली ते बघ, बॉल आल्यावरचं काम तर कुणीही करेल.

पण या 'बॉल यायच्या आधी' मध्येच सगळी गोची आहे. बॉल येतो कुठून? बाकीच्या चौघांकडून. एकाला दोघं धरायला गेले की बाहेर चौघांना तिघं, म्हणजे कुणीतरी एक मोकळा, हे साधं गणित. तो मोकळा माणूस थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारू शकला तर डबल टीम करणारा मेला, नाही मारू शकला तर तुमचा सेंटर मेला. मोठा माणूस मध्ये असलेल्या टीमची ताकद मोजायची असेल तर मोठ्या माणसाकडं बघूच नका, त्याच्या बाहेरच्या चौघांकडं बघा. हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

2023 चं घ्या. पर्ड्यू नंबर एक सीड (म्हणजे मानांकन, एक सगळ्यात वरचं, सोळा सगळ्यात खालचं), ईडीची सरासरी 22 च्या वर पॉइंट आणि जवळजवळ 13 रिबाउंड. पण थ्री पॉइंटची टक्केवारी 32 च्या आसपास, म्हणजे देशात पार खालच्या भागात. गार्ड दोन्ही फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचे, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, जानेवारीपर्यंत मस्त चालले आणि फेब्रुवारीत दमलेले दिसायला लागले. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं होतं की ईडीच्या अंगावर दोघं आणि या पोरांच्या अंगावर प्रेस (कोर्टभर अंगाला भिडून अडवणं) अशी टीम आली तर अवघड आहे. (म्हटलं होतं! त्याला विचारा.) नॉर्थवेस्टर्ननं फेब्रुवारीत 64-58 नं हरवलं ते बऱ्यापैकी याच वाटेनं, बॉल ईडीकडं गेला की दुसरा माणूस धावत येणार, आणि पास बाहेर यायला उशीर झाला की बॉल गेला.

मग 17 मार्च 2023, कोलंबस, ओहायो. समोर फेअरली डिकिन्सन. न्यू जर्सीची छोटी युनिव्हर्सिटी, आदल्या वर्षी 4 जिंकलेले आणि 22 हरलेले. स्वतःच्या कॉन्फरन्सची फायनलसुद्धा ते हरले होते, जिंकणारी मेरिमॅक नवीन असल्यामुळं स्पर्धेला पात्र नव्हती म्हणून यांची वर्णी लागली. आणि उंचीनं डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजांच्या वरच्या गटातल्या, 363 टीम्समध्ये सगळ्यात बुटकी टीम. त्यांचा गार्ड डेमेट्रे रॉबर्ट्स पाच फूट आठ, म्हणजे माझ्यापेक्षा एक इंच कमी, आणि ईडीपेक्षा वीस इंच. कोच टोबिन अँडरसन आदल्या वर्षापर्यंत डिव्हिजन टूमध्ये होते, तिथले आपले दोन-तीन खेळाडू बरोबर घेऊन आलेले. फर्स्ट फोरची (मुख्य फेरीत शिरण्याआधीची) मॅच जिंकल्यावर ते पोरांना ड्रेसिंग रूममध्ये म्हणाले की मी पर्ड्यूला जितकं बघतोय तितकं मला वाटतंय आपण यांना हरवू, आणि हे कॅमेऱ्यात आलं आणि सगळे हसले. मीपण.

मी दुसऱ्या हाफला हसायची थांबले. त्यांनी केलं काय, तर माझ्या जिल्ह्याच्या मॅचमध्ये झालं तेच! एक ईडीच्या पुढं, एक मागं, आणि बाकीचे अख्ख्या कोर्टभर गार्डच्या अंगावर, कुत्र्यासारखे मागं लागलेले. पुढं उभं राहिलेल्याला फ्रंट करणं म्हणतात, म्हणजे बॉल सरळ येऊच शकत नाही, वरून टाकावा लागतो, आणि वरून टाकायला वेळ आणि अँगल लागतो, जो प्रेसमुळं मिळतच नव्हता. कॉर्नरला पर्ड्यूची पोरं मोकळी, इतकी मोकळी की वाईट वाटावं, आणि 26 थ्रीमध्ये 5 गेले. पाच. टर्नओव्हर, म्हणजे बॉल गमावला, 16 वेळा. ईडीनं 21 पॉइंट आणि 15 रिबाउंड केले, पण सगळ्या मॅचमध्ये त्याला शॉट मिळाले 11. शेवटच्या बऱ्याच मिनिटांत तर एकही नाही. शॉन मूर नावाचा पोरगा, तिथलाच कोलंबसच्या बाजूचा, त्यानं शेवटच्या मिनिटाच्या आसपास थ्री घातला, त्याचे 19 झाले, आणि 63-58. सोळाव्या सीडनं पहिल्या सीडला हरवण्याची पुरुषांच्या इतिहासातली फक्त दुसरी वेळ, पहिल्यांदा 2018 ला व्हर्जिनिया अशीच हरली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांचा मेसेज, "एवढा उंच असून काय उपयोग". मी फोन उलटा करून ठेवला. त्या एका दिवसापुरतं मला कुणाशीच बोलायचं नव्हतं.

आणि ही एकच मॅच असती तर ठीक, पण 2021 ला तेरावी सीड नॉर्थ टेक्ससकडून ओव्हरटाइममध्ये, 2022 ला पंधरावी सीड सेंट पीटर्सकडून 67-64, लागोपाठ तीन वर्षं. 2022 ला तर ईडी आणि ट्रेव्हियन असे दोन सेंटर होते आणि बरोबर जेडन आयव्ही, जो पुढं एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पाचवा गेला. तरी छोट्या, चपळ, अंगाला भिडणाऱ्या टीमनं हरवलं. तेव्हा 'उंच माणसाची टीम मार्चमध्ये चालत नाही' म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीतच मिळालं. त्यांचं निदान मला तेव्हाही चुकीचं वाटायचं. ताप आलाय म्हणून थर्मामीटरवर राग काढण्यासारखं. पोस्टमध्ये बॉल पोहोचत नव्हता आणि परत आलेला बॉल रिंगमध्ये जात नव्हता, यात पोस्टमधल्या माणसाचा काय दोष?

पेंटरनी पण हेच धरलं असावं, कारण पुढच्या वर्षी त्यांनी ईडीचं काही बदललं नाही, बाहेरचं बदललं. ईडी मे महिन्यात ड्राफ्टमधून नाव काढून परत आला, उन्हाळ्यात कॅनडाकडून वर्ल्ड कपला जाऊन ब्राँझ घेऊन आला. सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स आणला, पाचव्या वर्षातला, दणकट गार्ड. एक बॉल हँडलर वाढला की काय फरक पडतो हे आकड्यात दिसत नाही, प्रेस आली की स्मिथच्या चेहऱ्यावर दिसतं. स्मिथ, इंडियानाचाच सहा फुटी पोरगा, मॅचला साडेसात असिस्ट करायला लागला. लॉयर, गिलिस, जोन्स सगळे थ्री घालायला लागले आणि टीमची टक्केवारी 32 वरून 40 च्या वर, देशात जवळजवळ पहिल्या नंबरची. आता करा डबल टीम! नोव्हेंबरात माउई इन्व्हिटेशनलला (आगीमुळं त्या वर्षी ती होनोलुलूत झाली) गोंझागा, टेनेसी, मार्केट अशा तिघांना ओळीनं लोळवलं. ईडीची सरासरी 25 वर गेली, देशात सगळ्यात जास्त.

म्हणजे कमजोरी गेली का? नाही ओ. एक झाकली की दुसरी उघडी पडते, पांघरूण आखूड असल्यासारखं.

दुसरी बाजू डिफेन्सची. पिक अँड रोल (एकजण बॉलवाल्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो, आणि मग रिंगकडं वळतो) आला की बहुतेक टीम्सचा सेंटर बाहेर येऊन गार्डला अडवतो, ईडी बाहेर यायचा नाही, तो मागं सरकून रिंगच्या बाजूला थांबायचा, याला ड्रॉप म्हणतात. हिशेब असा की लेअप (रिंगजवळ येऊन अलगद घातलेला बॉल) देणार नाही, थ्री शक्यतो देणार नाही, मधला पंधरा फुटांचा शॉट घे बाबा, तो सगळ्यात महागडा शॉट आहे, किती घेशील. शंभरातल्या नव्वद मॅचला हा हिशेब बरोबर. पण ज्या गार्डचं पोट त्या पंधरा फुटांच्या शॉटवरच चालतं तो समोर आला की वाट लागते. नॉर्थवेस्टर्नचा बू ब्यूई हा तसला माणूस. डिसेंबर 2023 ला त्यांच्या घरी ईडीनं 35 केले तरी ब्यूईनं 31 करून ओव्हरटाइमला 92-88 नं मॅच काढली. स्क्रीनच्या मागून यायचं, ईडी मागं सरकतोय, आपला गार्ड स्क्रीनमध्ये अडकलाय, मध्ये हे एवढं अंगण रिकामं, तिथं थांबून शॉट. परत तेच. परत तेच.

आणि तिसरा प्रकार म्हणजे बाहेरून शूट करणारा सेंटर. नेब्रास्कानं जानेवारीत 88-72 असं धुतलं तेव्हा त्यांचा सेंटर रिंक मास्ट सारखा थ्री लाइनच्या बाहेर उभा राहायचा आणि तिथून पास करायचा. आता ईडीनं काय करावं, बाहेर गेला तर दार उघडं, आत थांबला तर मास्ट मोकळा. वर टोमिनागा नावाचा जपानी शूटर पळतोय चहूबाजूंनी. ती मॅच मी अर्ध्यात बंद केली आणि भाकरी थापायला घेतल्या, दोन करपल्या.

पर्ड्यूची एक कमी नेहमीचीच, ते बॉल चोरत नाहीत. ड्रॉपमध्ये बसायचं, फाउल करायचा नाही, रिबाउंड घ्यायचा, ही सगळी शिस्तीची पद्धत, त्यात समोरच्याचे टर्नओव्हर फार होत नाहीत, त्यामुळं फुकटचे लेअप मिळत नाहीत आणि समोरची टीम गरम झाली की तिला थंड करायला हातात काही नसतं. पण हे मला चालतं. सगळंच कसं मिळणार.

मार्च 2024 ला सगळ्यांचं लक्ष परत छोट्या टीम्सकडं होतं, आता कोण हरवणार यांना. ग्रँबलिंगला 78-50, युटा स्टेटला 106-67, गोंझागाला 80-68. प्रेस-बिस कुणाचं काही चाललं नाही. मग डेट्रॉइटला एलीट एटमध्ये (शेवटच्या आठांत) परत टेनेसी. ही मॅच कुणी बघितली नसेल तर शोधून बघा. टेनेसीचा डिफेन्स देशातला सगळ्यात चिवट, सेंटर बदलून बदलून अंगावर घालत होते, आणि ईडीनं 40 पॉइंट आणि 16 रिबाउंड केले, त्यातले 14 पॉइंट फ्री थ्रोवर. एकेक करून त्यांचे मोठे फाउलमध्ये सापडत गेले. तिकडून डाल्टन कनेक्ट एकटा 37 करून बसला, ड्रॉपची जी खोड वर सांगितली ती पुरेपूर वापरून, आणि शेवटी मॅच दोन पझेशनवर (दोनदा बॉल मिळाला की फिटेल एवढ्या फरकावर) आली असताना तोच कनेक्ट लेअपला आत शिरला आणि ईडीनं ब्लॉक केला. सगळ्या मॅचभर ज्याला बाहेर शॉट दिले तो शेवटी आत आला. 72-66. 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोर. माझ्या नवऱ्यानं, ज्याला ही क्रेन वाटायची, त्यानं डोळे पुसले, नंतर म्हणाला कांदा चिरत होतो.

सेमीफायनलची एनसी स्टेटची मॅच पटकन सांगते. त्यांचा डीजे बर्न्स तोपर्यंत सगळ्यांचा लाडका झालेला, रुंद आणि हुशार पोस्ट प्लेयर, पण ज्याची ताकद पाठीनं ढकलण्यात त्याला स्वतःपेक्षा सात इंच उंच आणि ढकलला न जाणारा माणूस मिळाला की संपलं. 63-50.

आणि मग 8 एप्रिल, ग्लेनडेल, ॲरिझोना, फायनल. समोर यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटी.

यूकॉननं काय केलं ते बघून मी आधी खूश झाले होते, खरं सांगते. ईडीला डबल टीमच नाही! एकटा डॉनोव्हन क्लिंगन, सात फूट दोन इंच, मागं उभा, घे म्हणे शॉट. ईडी हुक मारतोय, जातोय, परत मारतोय, परत जातोय. मी बाबांना मेसेज केला की आज जिंकतोय. थोड्या वेळानं लक्षात आलं की लॉयर दिसत नाहीये. जोन्स दिसत नाहीये. गिलिस दिसत नाहीये. दिसत नाहीयेत म्हणजे कोर्टवर होते, पण प्रत्येकाला यूकॉनचा एकेक माणूस असा चिकटलेला की बॉल आत गेला तरी मान वळवून बघायचं नाही, आपला माणूस सोडायचा नाही. कॅसल, स्पेन्सर, न्यूटन, सगळे मोठ्या अंगाचे गार्ड, मदतीला जाणारच नाहीत. एरवी मॅचला वीसेक थ्री मारणाऱ्या टीमला त्या रात्री सात मारता आले. आणि गेला एक.

75-60. ईडीचे 37, बाकी सगळ्यांचे मिळून 23. ईडीनं 25 शॉट घेतले त्यातले 15 घातले, म्हणजे साठ टक्के, कुठल्याही कोचला विचारा, साठ टक्के म्हणजे स्वप्न. तरी पंधरानं हरले, कारण दोन-दोननं मोजत एक माणूस किती मोजणार, आणि तो एकटा जोर लावत असताना बाकीच्यांची लय जाते, हात गार पडतात. समोरून यूकॉन पाचही बाजूंनी खेळतेय, रिबाउंड त्यांचेच, न्यूटनचे 20. मॅच झाल्यावर यूकॉनचे कोच डॅन हर्लीनीही साधारण हेच सांगितलं की ईडीला त्याचे घेऊ द्यायचे आणि थ्री बंद करायचे असं ठरवूनच आलो होतो.

आता मला जे कधीपासून सांगायचंय ते. एका वर्षाच्या अंतरानं दोन टीम्सनी पर्ड्यूला हरवलं आणि दोघांचा उपाय बरोबर उलटा. फेअरली डिकिन्सननं ईडीला कोंडलं आणि बाकीच्यांना सांगितलं मारा, त्यांना मारता आले नाहीत. यूकॉननं ईडीला सांगितलं मार, आणि बाकीच्यांना कोंडलं. पहिला उपाय स्वस्त आहे, कुठलीही धीट टीम करू शकते, पण त्याला चांगले शूटर हे औषध आहे आणि पर्ड्यूनं ते एका वर्षात शोधलं. दुसरा उपाय प्रचंड महाग, त्याला स्वतःचा सात फुटी माणूस लागतो जो फाउल न करता चाळीस मिनिटं ईडीच्या धक्क्यांना पुरेल, आणि बाहेर चार असे डिफेंडर ज्यांना मदतीची गरज पडत नाही. त्या सीझनला देशात हे सामान कुणाकडं होतं? माझ्या मते एकट्या यूकॉनकडं. टेनेसीकडं बाहेरचे चौघं होते, पण क्लिंगन नव्हता. म्हणून टेनेसीचे मोठे फाउलमध्ये सापडत गेले आणि ईडीला 22 फ्री थ्रो मिळाले, यूकॉनविरुद्ध दहा. फरक तिथं आहे. शूटर असोत नसोत, उंच माणसाची टीम मार्चला चालते का हा प्रश्नच मला बावळट वाटतो, समोर कोण आहे ते सांगा, मग बोलू.

बाबांनी त्या रात्री विचारलं, 37 करूनही हरला? मी म्हटलं हो. ते म्हणाले, मग बाकीचे काय करत होते. बाबा, शिकलात एकदाचे!

ईडी पुढं एनबीएला नवव्या नंबरवर मेम्फिसला गेला. मला वाटलं आता पर्ड्यू बघायची मजा जाणार, पण उलट मला सगळं नव्यानं दिसायला लागलं, कारण दात पडल्यावर जीभ जशी सारखी त्या खड्ड्यात जाते तसं माझं लक्ष रिंगखालच्या मोकळ्या जागेकडं. पेंटरनी ठरल्याप्रमाणं नवा सात फूट चार इंची पोरगा आणलाच होता, डॅनियल जेकबसन, तो दुसऱ्याच मॅचला पाय मोडून सीझनभर बाहेर. मग सहा फूट नऊचा ट्रे कॉफमन-रेन सेंटरला. ऑफेन्स काय सुंदर झाला सांगू, स्मिथ आणि कॉफमन-रेनचा पिक अँड रोल म्हणजे तबला आणि पेटी, त्यानं मॅचला वीस पॉइंट काढले. कुणाला डबल करायचं ते समोरच्याला कळायचं नाही. पण दार उघडं. कुणीही आत येतोय, लेअप घालून जातोय, रिबाउंड नेतोय. दोन वर्षं जी गोष्ट आम्ही फुकट धरली होती तिची किंमत दर मॅचला चार-पाच वेळा कळायची.

मार्च 2025, इंडियानापोलिस, म्हणजे जवळजवळ घरचंच ग्राउंड, स्वीट सिक्सटीनला (शेवटच्या सोळांत) ह्यूस्टन. नंबर एक सीड. सगळ्यांना वाटलेलं तीसनं हरतील, आणि शेवटी आमच्या कॅम हाइडीनं थ्री घालून 60-60 केलं. घरात आम्ही दोघं उभे. ह्यूस्टनला बॉल आत टाकायचाय रिंगच्या मागून, तीनएक सेकंद राहिलेत. मिलोस उझाननं बॉल जोसेफ टगलरला दिला आणि स्वतः सरळ रिंगकडं वळला, पर्ड्यूच्या दोघांच्या नजरा भलतीकडं, टगलरनं बाउन्स पास परत दिला आणि उझाननं लेअप घातला. अलगद. कुणी आडवं नाही. 0.9 सेकंद राहिले, 62-60.

नवरा काहीच बोलला नाही. रिमोट घेऊन त्यानं रिप्ले मागं नेला, पॉज केला, आणि उठून टीव्हीवर रिंगच्या बरोबर खाली बोट ठेवलं, जिथं कुणीच उभं नव्हतं.

"अगं, इथं क्रेन पाहिजे होती," म्हणाला.